भाव आधी की पत्ता?

जालन्याच्या मोसंबीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे नाव दूरवर पोहोचले. माल पोहोचविणे मात्र वेगळी गोष्ट आहे.

अंबड तालुक्यातील माझ्या एका माजी विद्यार्थ्याने इंटरनेटवर मोसंबी विकावयास काढली. पहिल्याच गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या भावास त्याने आनंदाने होकार दिला. पत्ता मागाहून आला, तो गुवाहाटीचा! वाहतुकीच्या खर्चाने नफा तर गिळलाच, मुद्दलासही हात घातला.

यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार प्रस्ताव बिनशर्त स्वीकारला की विक्रेता बांधला जातो. उलट, त्याने वेगळा भाव सांगितल्यास तो नवा प्रस्ताव ठरतो. ही सवड नवख्या विक्रेत्याने वापरावी. पत्ता पाहून, खर्च धरूनच भाव सांगावा.

त्यासाठी पिनकोड पुरेसा बोलका आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. पहिला अंक ४ असेल तर गिऱ्हाईक आपल्या विभागातले. ७ असेल तर पूर्वेकडचे. पैसे भरल्यावर पत्ता बदलू पाहणाऱ्यास मात्र जुनी मागणी रद्द करून नव्याने नोंदविण्यास नम्रपणे सांगावे.

किंमत मागणी-पुरवठ्याने ठरते, असे आम्ही वर्गात शिकवितो. शेतकऱ्याच्या मुलास तिसरी गोष्टही शिकविली पाहिजे. ती म्हणजे अंतर.