डोळ्यांचें व कानांचें शिक्षण

आमच्या अध्यापनाच्या काळांत एक मुलगा नेहमीं बांकावर बोटांनीं ताल धरून बसत असे. व्याकरणाच्या तासाला हा उपद्रव नको म्हणून आम्हीं त्यास दोनदां वर्गाबाहेर उभा केला. तिसऱ्या खेपेस चौकशी केली, तेव्हां कळलें कीं, शाळेशेजारच्या लोहाराच्या घणाचा ठेका तो वाजवीत होता! तो घण आमच्याही कानीं रोज पडत असे. ऐकला मात्र त्या मुलानें. नवनिर्मितीचा उगम अवधानांत आहे, हा धडा आम्ही त्या दिवशीं शिकलों.

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. नारदीय शिक्षेंत सप्तस्वरांचा संबंध प्राण्यांच्या आवाजांशीं जोडला आहे. षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा, निषाद हत्तीचा. हें साम्य तंतोतंत जुळेल असें नाहीं; परंतु गाणाऱ्यानें आधीं भोंवतालीं कान द्यावा, ही दृष्टि त्यांत आहेच.

डोळ्यांविषयीं दादासाहेब फाळके यांचें उदाहरण घ्यावें. १९१२ सालीं त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडें थोडें चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर अल्पावकाशांत दाखविली. पुढच्याच वर्षीं, १९१३ मध्यें, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्या भव्य कथेच्या आधीं त्यांच्या यंत्रापुढें होतें तें एक साधें रोप!

आज मोबाईलच्या रूपानें छायायंत्र घरोघरीं आहे. 'मुलें आधींच त्यांत डोकें घालून बसतात. त्यांत ही भर कशाला?' असें वडील मंडळी विचारतील. शंका रास्त आहे. म्हणूनच आम्ही मर्यादा सुचवितों. मुलानें अंगणांतील वा गच्चींतील एकच जागा निवडावी. आठवडाभर रोज एकच छायाचित्र घ्यावें. कधीं सकाळीं, कधीं भर दुपारीं, कधीं दिवेलागणीस. सातवें चित्र पाहतांना ऊन कसें सरकलें व सावली कोठें लांबली, हें तें मूल आपण होऊन सांगूं लागतें. यंत्र नसलें तरी अडत नाहीं. खोलींत पूर्ण अंधार करून खिडकीच्या झांकणास बारीक भोंक पाडावें, म्हणजे बाहेरचा उजळ रस्ता समोरच्या भिंतीवर उलटा उमटतो. प्रकाश सरळ रेषेंत जातो, हा धडा असा एकदां पाहिला कीं जन्मभर विसरत नाहीं.

मग त्याच जागीं डोळे मिटून पांच मिनिटें बसावें व कानीं आलेले आवाज टिपावे: नळाची धार, देवघरांतील घंटा, भाजीवाल्याची हांक. त्यांतील दोन-तीन आवाज केरव्याच्या आठ मात्रांत बसवून पाहावे. येथें गुण देऊं नयेत आणि शेजारच्या मुलाशीं तुलना तर मुळींच करूं नये. तसें झालें कीं मूल ऐकणें सोडून आपली मर्जी राखूं लागतें.

तो बांकावरचा मुलगा गवई झाला नाहीं. एका पेढींत नोकरी करतो. परवां वाटेंत भेटला. वांकून नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, आमची धाकटी मिक्सर लागला कीं त्याच्या सुरांत सूर मिळवते. मी तिला गप्प करीत नाहीं."

आम्हांस आमच्या त्या दोन शिक्षा आठवल्या, आणि काय बोलावें तें सुचेना.