आराखड्यांचे दप्तर

कोणतेही मोठे काम आधी कागदावर उभे राहते आणि मग जमिनीवर. धरण असो, पूल असो, शाळेची इमारत असो वा साधी सायकल असो, ती घडविणाऱ्यांच्या हाती प्रथम तिचा आराखडा असावा लागतो. गवंडी, सुतार, लोहार, विजेचे काम करणारा कारागीर हे सारे त्या आराखड्यावर विश्वास ठेवून हत्यार उचलतात. म्हणून आराखडा अचूक असणे जितके अगत्याचे, तितकेच योग्य आराखडा योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती पडणेही अगत्याचे आहे.

पूर्वी आराखडे लाकडी फळ्यावर कागद ताणून, टी-पट्टी, गुण्या व कंपास यांच्या साहाय्याने काढीत असत. मूळ आराखडा पारदर्शक कागदावर किंवा कापडावर असे. त्यावरून निळ्या प्रती काढीत. या प्रतींची रीत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधून काढलेली होती. मूळ आराखडे रुंद, सपाट खणांच्या कपाटात क्रमवार ठेवीत आणि कोणती प्रत कोणास दिली याची नोंद वहीत करीत. हे दप्तर सांभाळणे ही मोठ्या जबाबदारीची गोष्ट समजली जाई.

१९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची संगणक-प्रणाली सिद्ध केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढावी आणि संगणकाने ती लक्षात ठेवावी, असे तिचे स्वरूप होते. पुढे १९८२ साली ‘ऑटोकॅड’ ही प्रणाली बाजारात आली आणि हळूहळू आरेखनाचा फळा मागे पडला. परंतु दप्तर मात्र मागे पडले नाही. ते कपाटातून निघून संगणकात जाऊन बसले, इतकेच. तेथेही त्यास पूर्वीइतकीच शिस्त लागते.

संगणकावर आरेखनाचे काम हाती घेतले म्हणजे प्रथम त्या कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर करावयाचे असते. त्या मोठ्या फोल्डरात लहान फोल्डर असतात : एकात जमिनीच्या मोजणीचे कागद, दुसऱ्यात चालू आराखडे, तिसऱ्यात इतरांस पाठविलेले आराखडे आणि चौथ्यात जुने, बाद झालेले आराखडे. बांधकामाच्या माहितीविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयएसओ १९६५०’ या आंतरराष्ट्रीय मानकातही अशाच चार अवस्था सांगितल्या आहेत. काम चालू असलेला आराखडा, सहकाऱ्यांस पाहावयास दिलेला, वापरासाठी प्रसिद्ध केलेला आणि संग्रहात ठेवलेला, अशा त्या चार अवस्था होत. अपुरा आराखडा चुकून कारागिराच्या हाती जाऊ नये, हा या विभागणीचा हेतू आहे.

यानंतर एकक ठरवावे लागते. कागदावर आरेखन करताना प्रमाण आधी ठरवीत, कारण मोठी इमारत लहान कागदावर बसवावयाची असे. संगणकावर मात्र वस्तू तिच्या खऱ्या मापानेच काढतात आणि प्रमाण छपाईच्या वेळी ठरवितात. म्हणून संगणकास ‘१२०’ एवढाच आकडा सांगून भागत नाही. ते १२० इंच की १२० मिलिमीटर, हेही सांगावे लागते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. दहा फुटांची, म्हणजे १२० इंचांची भिंत कोणी मिलिमीटरमध्ये वाचली, तर ती वीतभरही भरणार नाही! अशी उघड चूक लगेच ध्यानात येते; पण सर्वच चुका उघड नसतात. १९९९ साली मंगळाकडे गेलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे अमेरिकन यान नष्ट झाले. एका गटाने बलाचे आकडे पौंडांच्या परिमाणात दिले होते आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या परिमाणात आहेत असे धरले होते. एकक एकदाच ठरवून सर्वांनी पाळणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसून येते.

प्रत्येक आराखड्यासाठी हे सर्व नव्याने ठरविणे कंटाळवाणे आणि धोक्याचेही असते. म्हणून टेम्प्लेट, म्हणजे साचा, तयार करून ठेवतात. एकक, अक्षरांचा आकार, रेघांची जाडी आणि कागदाच्या कोपऱ्यातील नावाची चौकट या गोष्टी साच्यात आधीच असतात. साच्यात लेयर, म्हणजे थरही ठरलेले असतात. काचेची अनेक तावदाने एकावर एक ठेवावीत, त्याप्रमाणे भिंती एका थरात, दारेखिडक्या दुसऱ्यात, नळ तिसऱ्यात व विजेच्या तारा चौथ्यात काढतात. गवंड्यास हवा तेव्हा केवळ भिंतींचा थर दाखविता येतो.

मोठे काम एकाच फाईलीत कोंबणे शहाणपणाचे नसते. सायकलीचेच उदाहरण घेऊ. चाक, साखळी, हँडल, बैठक या प्रत्येक भागाची फाईल निराळी असते आणि संपूर्ण सायकलीची जुळणी दाखविणारी फाईल आणखी निराळी. जुळणीच्या फाईलीत भाग पुन्हा काढलेले नसतात. ते कोठे ठेवले आहेत, याचा पत्ता तेवढा तीत लिहिलेला असतो. त्यामुळे आऱ्यांची संख्या चाकाच्या मूळ फाईलीत बदलली, तर जुळणीत ती आपोआप बदलते. मूळ आकृती बदलताच तिच्या सर्व प्रतिकृती बदलाव्यात, ही सोय सदरलँड यांच्या स्केचपॅडमध्येच होती.

या सोयीबरोबर एक जोखीमही येते. भागाची फाईल कोणी दुसरीकडे हलविली किंवा तिचे नाव बदलले, तर पत्ता चुकतो आणि जुळणी उघडताच त्या जागी पोकळी दिसते. यासाठी पत्ता ‘शेजारच्या खोलीत’ अशा सापेक्ष रीतीने लिहिणे बरे. मग सारे घर उचलून दुसऱ्या संगणकावर नेले तरी शेजार कायम राहतो. आराखडा दुसऱ्यास पाठवावयाचा असेल तेव्हा त्याच्याशी जोडलेल्या सर्व फाईली एकत्र बांधून पाठवाव्या लागतात.

नावे देण्यातही विवेक लागतो. ‘शेवटचा’, ‘अगदी शेवटचा’, ‘नवा शेवटचा’ अशा नावांवरून खरा शेवटचा आराखडा कोणता, हे नाव देणाऱ्यासही महिन्याभराने सांगता येत नाही. म्हणून नावात कामाचा क्रमांक, भागाचे नाव आणि सुधारणेचा क्रमांक असावा. तारीख लिहावयाची झाल्यास वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. कोणती सुधारणा केव्हा व का केली, याची नोंद आराखड्याच्या चौकटीत करावी.

ही शिस्त अनेकांनी मिळून पाळली नाही, तर काय होते याचे ठळक उदाहरण युरोपात घडले. एअरबस कंपनीचे ‘ए-३८०’ हे प्रचंड, दुमजली विमान अनेक देशांत मिळून तयार होत होते. त्याच्या आरेखनासाठी ‘कॅटिया’ ही प्रणाली होती. पण जर्मनी व स्पेन येथील अभियंते तिची चौथी आवृत्ती वापरीत, तर फ्रान्स व ब्रिटन येथील अभियंते पाचवी. दोन्ही आवृत्त्यांत माहितीची देवघेव बिनचूक होईना. त्या विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. हँबर्ग येथे तयार झालेले तारांचे जुडगे फ्रान्समधील तुलूझ येथे जोडू लागल्यावर तारा आखूड पडल्या. २००६ साली कंपनीस मोठा विलंब जाहीर करावा लागला. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. अब्जावधी युरोंचे नुकसान झाले. अभियंते कुशल होते, परिश्रमात कसूर नव्हती; परंतु सर्वांचे दप्तर एक नव्हते.

अखेरची काळजी म्हणजे प्रतींची. ऑटोकॅड फाईल जतन करताना तिची आधीची प्रत राखून ठेवते. तरीही संगणकच बिघडला तर दोन्ही एकदम जातात. म्हणून दररोजच्या कामाची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणे इष्ट असते. राखलेली प्रत अधूनमधून उघडूनही पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच होय.

संगणक रेघ सरळ काढून देतो, माप अचूक मोजतो आणि हजार आराखडे क्षणात शोधून देतो. मात्र कोणता आराखडा खरा, हे त्यास माणसानेच सांगून ठेवावे लागते. दूर कोठेतरी ओळंबा धरून उभा असलेला गवंडी आराखडा काढणाऱ्यास कधी भेटलेलाही नसतो. हाती आलेला कागद खरा आहे, या विश्वासावर तो वीट ठेवतो. तो विश्वास सार्थ ठरावा, यासाठीच दप्तर नीट ठेवावयाचे असते.