समुद्राची सहल : जहाजाचे चित्र पाहू नका, पत्रक वाचा

आमच्या धारणी तालुक्यात सिपना आहे, तापी आहे. पावसाळ्यात त्यांचा जोर पाहून छाती दडपते. पण समुद्र म्हटला की आमच्या लोकांना दादरच आठवते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे, तासन्‌तास रांगेत उभे राहायचे, अभिवादन करून बाहेर आले की पुढे पाणीच पाणी. कितीतरी मायबहिणींनी समुद्र पाहिला तो एवढाच, काठावरून.

म्हणून शेजारचे दादा मोबाइल घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मला बरे वाटले. दादा एस.टी.तून निवृत्त झालेले. म्हणाले, "भाऊ, पोरानं पुण्याहून जहाजाचं पत्रक पाठवलं. मायले समुद्रावर न्याचं हाय. पाहा बरं, परवडते का."

वर पांढरेशुभ्र जहाज, खाली ठळक अक्षरांत भाव, आणि भावाच्या पुढे 'पासून' हा शब्द इतका बारीक की मला चष्मा पुसावा लागला. माझी सारी नोकरी बारीक अक्षरे वाचण्यात गेली आहे. पत्रकाचा खरा मजकूर तिथेच असतो.

वाचकहो, हा भाव दर माणशी असतो आणि तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर वेगळा. बंदराचे शुल्क, जहाजावरच्या नोकरांची बक्षिसी आणि जीएसटी त्यात धरले आहेत की नाहीत, हे लेखी विचारावे. जेवण बहुधा भावात असते. दारू, काही खेळ-तमाशे, बंदरावर उतरल्यावरची मोटार हे सारे वेगळे. जहाजावर बहुधा रोख रक्कम चालत नाही. एक कार्ड देतात, ते दाखवत राहायचे आणि शेवटच्या दिवशी एकदम बिल! मोठ्या जहाजांवर जुगाराचे टेबलही असते. तिकडे फिरकू नये, एवढेच सांगतो.

आम्ही कागदावर मांडले. समजा, माणशी २० हजार. दादा, वहिनी, माय आणि नातू मिळून ८० हजार. वरचे आकार माणशी ६ हजार धरले तर २४ हजार. धारणीहून मुंबईला जाणे-येणे, एक मुक्काम, चहापाणी १० हजार. एकूण १ लाख १४ हजार. दादांचे ५ लाख ठेवीत आहेत. ७ टक्क्यांनी वर्षाचे ३५ हजार व्याज येते. म्हणजे तीन वर्षांचे व्याज तीन दिवसांत संपणार, वर मुद्दलालाही हात लागणार. मुद्दलाला हात लावून सहल करू नये असे माझे मत आहे. दादा गप्प बसले.

मोठे जहाज वाईट असते असे मात्र नव्हे. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून 'एम्प्रेस' जहाजाच्या सहली सुरू झाल्या. हे जहाज १९९० साली बांधलेले. त्यात आठशेच्या आसपास खोल्या. ज्या घरात दोघे कमावते आहेत त्यांनी जरूर जावे. साहेबलोकांनीच जहाजात बसावे असे कुठे लिहिले आहे? पण खोली नीट पाहून घ्यावी. सर्वांत स्वस्त खोली आतल्या बाजूची, तिला खिडकी नसते. तरुणांना चालेल, ते दिवसभर वरच्या उघड्या डेकवर हिंडतील, झोपायलाच खोलीत येतील. गुडघे धरलेल्या माणसाचे तसे नाही. त्याला खिडकीची खोली हवी, लिफ्टजवळ हवी. शक्यतो जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे कमी लागतात. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगावे. सून गरोदर असेल तर कितव्या आठवड्यापर्यंत घेतात ते विचारावे.

आणखी एक. जहाज कोणासाठी थांबत नाही. आपण सेमाडोहचा घाट उतरून अमरावतीला जाणार, तिथून रात्रीची गाडी धरणार. गाडीला उशीर झाला तर बॅलार्ड पियरवर नुसता धक्का पाहायला मिळेल. एक दिवस आधी पोहोचावे. ओळखपत्रावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरन्‌अक्षर जुळते का, तेही पाहावे. आमच्याकडे आडनावांची स्पेलिंगे तीन कागदांवर तीन असतात!

दुसऱ्या दिवशी मी दादांच्या घरी गेलो. आजी अंगणात तूर निवडत होत्या. सारे ऐकून त्यांनी एकच विचारले, "त्या खोलीतून पानी दिसते का?" मी म्हणालो, "स्वस्तातल्या खोलीतून नाही दिसत, आजी." त्या म्हणाल्या, "मंग पैसे काह्याचे देता बाप्पा?"

त्यावर मी रो-रो बोटीचे सांगितले. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला ही मोठी बोट जाते. खाली मोटारी, वर माणसे. साधारण तासाभराचा प्रवास, खुर्च्या आहेत, संडास आहे, पाणी चारी बाजूंनी दिसते. चौघांचे जाणे-येणे आणि मुंबईचा प्रवास धरूनही व्याजातच भागते.

बोट कोणती धरायची, हा प्रश्न आपल्याकडे सहलीपुरता नव्हता. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले. सोबत दोनशेच्या आसपास प्रतिनिधी. धरमतरच्या वाटेने गेले तर मोटारवाले ऐनवेळी गाड्या नाकारतील, म्हणून बोट दासगावची धरली. तिथून महाड काही मैलच राहते, पायीही जाता येते. हे सांगितल्यावर आजींनी सूप बाजूला ठेवले.

लहान बोटींबाबत मात्र डोळे उघडे ठेवावेत. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली. डझनाहून अधिक जीव गेले. म्हणून पावसाळ्यात जाऊ नये. थंडीचे दिवस चांगले. बोट खचाखच भरली असेल तर पुढची धरावी. जाकीट मागून घ्यावे आणि गळ्यात नुसते अडकवू नये, बंद बांधावेत. पोराच्या मापाचे वेगळे मागावे. लाजू नये. रिकाम्या पोटी बसू नये, तुडुंब जेवूनही बसू नये. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी.

दादांनी येत्या जानेवारीतले रेल्वेचे तिकीट काढले आहे, खालचा बर्थ आजींना. मोठ्या जहाजाचे पुढे पाहू म्हणाले. आजींनी शाल आणि सुंठीची पुडी आतापासून पिशवीत भरून ठेवली आहे, आणि रोज नातवाला विचारतात, मांडव्याहून महाड किती लांब रे?