मी ‘अल्फा’त जातो!

वाचकहो, गेल्या वर्षी आश्विनात, ऐन गर्दीच्या वेळी, मुलुंड स्टेशनच्या पुलावर एक गृहस्थ आडवा पडलेला तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, तर तो प्यालेला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. कारण तो मीच होतो.

त्याचे असे झाले. रक्तदाबाच्या दोन गोळ्या मी ९ वर्षे घेत आहे. आमचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले ते ६१व्या वर्षी, आणि मला तेव्हा ५८ संपत आले होते. गोळी चुकवायची नाही, असा आमच्या घरचा दंडकच आहे. पण एका स्नेह्याबरोबर घाटकोपरला एका शिबिरास गेलो आणि तेथील वक्त्यांनी मला पार भारून टाकले. मेंदूतून लहरी निघतात, मन शांत झाले की ‘अल्फा’ लहरी सुरू होतात, ऋषिमुनी याच अवस्थेत असत, आणि एकदा माणूस ‘अल्फा’त जाऊ लागला की त्याला औषधांची गरज उरत नाही! चार दिवसांचे शुल्क आगाऊ भरलेले होते, तेव्हा पटणे भागच होते. घरी येऊन सतरंजी अंथरली, शवासन घातले आणि गोळ्या कपाटात मागे सारून दिल्या. सौ.ला अर्थातच काही बोललो नाही.

अकराव्या दिवशी पुलाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. इस्पितळात रक्तदाब भरला १९० वर ११०. ही फिट तर नव्हे, हे पाहावे म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला. “डोके धुऊन या, तेल लावू नका,” एवढीच पूर्वतयारी. काढणारी मुलगी आमच्या धाकटीच्या वयाची. तिने चिकट मलम लावून डोक्यावर वीसेक तारा डकवल्या आणि म्हणाली, “काका, आता डोळे मिटा.” थोड्या वेळाने, “उघडा.” पुन्हा, “मिटा.”

आलेख आटोपल्यावर मी हळूच विचारले, “अल्फा दिसली का हो?”

“दिसली की. छान आहे.”

माझी छाती फुगली. अकरा दिवसांची साधना फळली होती! तेवढ्यात ती तारा सोडवता सोडवता म्हणाली, “डोळे मिटले की बहुतेक सगळ्यांनाच येते, काका. उघडले की जाते. सकाळपासून सात जणांची पाहिली.”

माझे ऋषिपद असे दोन वाक्यांत गेले. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे मग वाचनात आले. जर्मनीतील येना गावच्या हान्स बेर्गर या डॉक्टराने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेचा पहिला आलेख टिपला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागल्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी ती लहर. ग्रीक वर्णमालेतील पहिले अक्षर तिला मिळाले, एवढाच तिचा मान. डोळे उघडले, किंवा मनात भाजीचा हिशेब सुरू झाला, की तिच्या जागी भरभर उठणारी बारीक ‘बीटा’ येते. डुलकी लागू लागली की अल्फा विस्कटते आणि ४ ते ७ची संथ ‘थीटा’ दिसू लागते. गाढ झोपेत ‘डेल्टा’, तीही मोठी, सेकंदाला चारांहून कमी. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांची चर्चा आपल्या मांडूक्य उपनिषदाने केली, तिला विजेचे माप मिळाले म्हणा. चौथ्या तुरीयेचे माप काही त्या कागदावर सापडत नाही.

मात्र योगी आणि आपण यांत फरकच नाही, असेही नव्हे. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी काही योग्यांचे आलेख प्रसिद्ध केले. ध्यानात असताना त्यांच्यापुढे प्रखर उजेड पाडला, मोठा आवाज केला, तापलेली काचनळी अंगाला लावली, तरी अल्फा मोडेना. दोघांनी तर ४ अंशांच्या गार पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला, आणि अल्फा चालूच! म्हणजे नवल अल्फा येण्यात नाही, ती न मोडण्यात आहे. माझी अल्फा शेजारच्या कुकरच्या शिट्टीने मोडते. हल्ली डोक्याला पट्टा बांधून मोबाईलवर लहरी दाखवणारी यंत्रे मिळतात. जावयाने एक आणून देऊ केले होते. मी हात जोडले.

मग शवासन म्हणजे निव्वळ आळस की काय? याचे उत्तर आपल्याच मुंबईत सापडले. योगाला शास्त्राच्या कसोटीवर घासण्याची खटपट इकडे जुनी. योगेंद्रजींनी १९१८ साली आपली संस्था काढली ती अंधेरीजवळ वर्सोव्याला. स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम १९२४चे, लोणावळ्याचे. आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा वृत्तान्त १९६९ साली प्रसिद्ध केला. रोज अर्धा तास उताणे निजायचे, श्वास संथ ठेवायचा आणि आत जाणारी हवा नाकपुडीला गार लागते, बाहेर पडणारी ऊन लागते, तिकडे लक्ष द्यायचे. बस्स!

औषध न घेणाऱ्या १० जणांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. (हा वरचा आणि खालचा मिळून काढलेला मध्यम दाब, माझ्यासारखे हर्षभरित होऊ नका.) औषधाने दाब काबूत असलेले २२ जण होते. त्यांपैकी १३ जणांचे औषध सुमारे एक तृतीयांशावर आणता आले. हे मी आमच्या डॉक्टरांना उत्साहाने ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, “आणि उरलेले नऊ?” मी गप्प. “शिवाय त्या तेरांचे औषध कुणी कमी केले? दाब मोजून डॉक्टरांनी. कपाटात लपवून नव्हे.”

तुलनेसाठी शवासन न करणारा गट मात्र त्या प्रयोगात नव्हता. ती उणीव पुढे लंडनकडच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ साली भरून काढली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट पाडले. योगाच्या रीतीने अंग सैल सोडायला शिकलेल्यांचा वरचा दाब सरासरी २६ने उतरला, नुसता आराम केलेल्यांचा ९ने. नुसत्या आरामाचेही ९ उतरतात, हे आमच्या कचेरीतल्या साहेबांना कुणीतरी सांगायला हवे.

आता गोळ्यांची डबी सौ.च्या ताब्यात आहे. तिला सारे सांगितले, त्या रात्री ती रागावली नाही. नुसती वडिलांच्या तसबिरीकडे पाहत बसली. ते बोलणे खाण्याहून जड गेले. रोज संध्याकाळी मी सतरंजीवर पडतो आणि ती शेजारी मेथी निवडत बसते. आषाढात डॉक्टरांनी दोनांपैकी एक गोळी अर्धी केली. परवाचा दाब १३८ वर ८६.

अडचण एकच. गार श्वास, ऊन श्वास असे दहा-बारा झाले की माझी गाडी अल्फा न थांबता पुढे निघून जाते. लोकलमध्ये डुलकी घेऊनही नाहूर गेले की बरोब्बर जागा होणारा मी, सतरंजीवर मात्र खुशाल घोरू लागतो. मग कानाशी हळूच आवाज येतो, “अहो, ‘अल्फा’त का?”

“थीटात,” मी म्हणतो, आणि कूस न बदलता पुन्हा नाकपुडीपासून सुरुवात करतो.