कार्बन संपले

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद झालं. काकांची सत्तरी उलटलेली, मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. दुसरं काय होणार होतं? पण त्याच आठवड्यात माझ्या कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनरनेही मान टाकली, त्यामुळे ते जरा जास्तच लागलं.

या यंत्राचा इतिहास सांगणारे १९०१ पासून सुरुवात करतात. लंडनच्या ह्यूबर्ट बूथचं घोड्यांनी ओढायचं धूड, मग ओहायोतल्या स्पँग्लर नावाच्या सफाईवाल्याचं १९०८ चं पेटंट, ते घेणारे हूव्हर. असो. आपल्या दारात ते आलं १९८२ नंतर. फोर्ब्ज आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्ज काढली आणि टाय लावलेली पोरं भर उन्हात जिने चढू लागली.

आमच्याकडे क्लीनर आला १९९२ साली, हप्त्यांवर. आदल्याच दिवशी उन्हात घातलेल्या गादीवरून त्या पोराने नळी फिरवली आणि पिशवी वर्तमानपत्रावर झटकली. पिठासारखी करडी धूळ! सासूबाईंना तो सरळसरळ अपमान वाटला. घ्यायला लावलं त्यांनीच, आणि दिवाळीत कोड्यात पडल्याही त्याच: लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात, या डब्याला कुठे लावायचं? शेवटी नळीच्या तोंडाला बोट टेकवलं.

गिरणीसारखा आवाज, पिशवी भरली की ओढ कमी, उचलताना कंबर धरायची. गुणगान करायला मी बसलेले नाही. पण पुढच्या दहा वर्षांत तो तीनदा बंद पडला आणि तिन्ही वेळा संध्याकाळपर्यंत घरी आला. काका आधी वास घ्यायचे. ‘जळका नाही, म्हणजे आर्मेचर शाबूत. कार्बन संपले.’ मग पाच स्क्रू, झाकण, आणि चिमटीत दोन काळे तुकडे, झिजून नखाएवढे उरलेले. नेमक्या मापाचे नसले, तर दुसऱ्या कुठल्या मशीनचे कार्बन पॉलिश पेपरवर घासून बसवायचे. एकदा बेअरिंग गेलं, तर ६०८ नंबरचं तपकीर गल्लीतून आणलं. त्या बेअरिंगला कंपनी कोणती, हे ठाऊकही नव्हतं.

१९९७ साली भावजींनी दुबईहून चकचकीत क्लीनर आणला आणि आमच्या डब्याकडे बघून ‘वहिनी, हा पीठ दळतो का?’ असं सगळ्यांसमोर विचारलं. दोन वर्षांत त्याच्या नळीची प्लॅस्टिकची खिटी तुटली. ती सुटी कुठेच मिळेना. पुढे त्या यंत्रावर कपडे वाळत असायचे. भावजी, मी विसरलेले नाही.

आता माझा कॉर्डलेस. तीन वर्षं वयाचा. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा गोड बोलला: ‘मॅडम, या मॉडेलची बॅटरी येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या ना.’ दुकान आवरता आवरता काकांनी पॅक उघडला. आत अंगठ्याएवढे सहा सेल, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब; बाजारात ढिगाने मिळतात. पण काही पॅकमधलं सर्किट एकदा रुसलं की नवे सेल जोडूनही उठत नाही. हा त्यातलाच निघाला. मोटर ठणठणीत, आणि यंत्र भंगार! ‘राइट टू रिपेअर’साठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली होती. बातमी वाचून तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

कोणत्या कंपनीचा घेऊ, असं मैत्रिणी विचारतात. लंडनला भाचीकडे ‘हेन्री’ आहे, न्युमॅटिकचा, १९८१ पासून निघणारा, डोळे आणि हसरा चेहरा रंगवलेला. तिने तो माझ्यासमोर साध्या स्क्रूड्रायव्हरने खोलला. मला त्याचा हेवा वाटतो, चेहऱ्याचा नव्हे, स्क्रूंचा. दुकानात सक्शनचे आकडे ऐकवतात तेव्हा आपण विचारावं: नळी सुटी मिळते का, फिल्टर मिळतो का, बॅटरी घरी बदलता येते का? विक्रेता ‘वॉरंटी आहे ना’ म्हणाला, की समजायचं.

शेवटच्या दिवशी काकांनी बिस्किटाच्या पुड्यात चार कार्बन आणि दोन बेअरिंगं बांधून दिली. ‘तुमच्या डब्याला पुरतील.’ बसवणार कोण, विचारलं तर माझ्याकडेच बोट दाखवलं.

रविवारी माळ्यावरून डबा उतरवला. चष्मा लावून, जमिनीवर फतकल मारून कार्बन बसवले. बटण दाबताच गिरणी सुरू झाली. पाच स्क्रू काढले होते. झाकण लागलं, तरी एक हातात उरलाय.