अमेरिकेला हिशेबनीस हवेत. पण दार कुणी बंद केले होते?

अमेरिकेत हिशेबनीस मिळेनासे झाले आहेत. 2019 ते 2021 या काळात तेथील तीन लाखांहून अधिक अकाउंटंट आणि ऑडिटर यांनी आपली नोकरी सोडली. जुनी पिढी निवृत्त होत आहे आणि नवी पोरे या व्यवसायाकडे फिरकत नाहीत. तेव्हा तेथील बड्या ऑडिट कंपन्यांनी परदेशाकडे नजर वळवली. काही काम बंगळुरू, हैदराबादच्या कार्यालयांत पाठवले, तर काही माणसे एच-वन-बी व्हिसावर तिकडे नेली. आपल्या मध्यमवर्गात याची 'सुवर्णसंधी' म्हणून चर्चा चालते. चळवळीतल्या माणसाने मात्र आधी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. तेहतीस-चौतीस कोटींच्या त्या देशात हिशेब तपासायला माणसे का मिळू नयेत?

याचे उत्तर शोधायला शंभर वर्षे मागे जावे लागते. अमेरिकेत सनदी हिशेबनिसाला सीपीए म्हणतात. 1921 साली जॉन क्रॉमवेल हे तेथील पहिले कृष्णवर्णीय सीपीए झाले. डार्टमाउथसारख्या नामांकित महाविद्यालयाचे ते पदवीधर. राहात होते राजधानी वॉशिंग्टनमध्ये, पण परीक्षेसाठी त्यांना दूरच्या न्यू हॅम्पशायर राज्यात जावे लागले. कारण बहुतेक ठिकाणी सीपीएच्या हाताखाली उमेदवारी केल्याशिवाय सनद मिळत नसे. सीपीए सगळे गोरे, आणि गोरा सीपीए काळ्या माणसाला हाताखाली घेत नसे! न्यू हॅम्पशायरमध्ये अनुभवाची ही अट नव्हती, म्हणून क्रॉमवेल पार झाले. पुढच्या चाळीस वर्षांत अख्ख्या देशात कृष्णवर्णीय सीपीए झाले जेमतेम शंभर. आजही लोकसंख्येत सुमारे 13 टक्के असलेला हा समाज ऑडिट कंपन्यांतल्या सीपीएंमध्ये 2 टक्क्यांच्या आसपासच आहे.

पुढे काळ बदलला, भेदभावाविरुद्ध कायदे झाले. पण दारावर नवी कडी बसली. चार वर्षांची पदवी पुरेशी नाही, आणखी सुमारे एका वर्षाचे शिक्षण म्हणजे एकूण 150 क्रेडिट-तास हवेत, असा नियम एकेक राज्य करत गेले. नियमात वर्णाचा उल्लेख कुठेच नाही. पण पाचव्या वर्षाची फी कोण भरू शकतो आणि कोण नाही, हे सांगायला पंडित लागत नाही. एमआयटीतील अभ्यासकांच्या संशोधनानुसार या नियमामुळे अल्पसंख्य समाजांतून या व्यवसायात येणाऱ्यांचे प्रमाण 26 टक्क्यांनी घटले. इतरांचेही घटले, पण त्याच्या निम्म्यानेच.

आणि गंमत पाहा. कृष्णवर्णीय तरुण दार ठोठावत होते तोवर हा नियम 'गुणवत्तेसाठी' अटळ होता. भांडवलदारांचे ताळेबंद अडकू लागले तेव्हा मात्र त्यावर फेरविचार सुरू झाला. जानेवारी 2025 मध्ये ओहायो राज्याने कायदा करून पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्यायी मार्ग खुला केला. इतर अनेक राज्येही त्याच वाटेने निघाली. मग इतकी वर्षे गुणवत्ता कुठे अडली होती?

आम्हाला हे नवे नाही. 1917 साली कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानात रुजू झाला. संस्थानाच्याच पैशावर तो परदेशात शिकला होता. त्याला पुढे अर्थखाते सोपवावे, असा सयाजीराव महाराजांचा मानस असल्याचे चरित्रकार सांगतात. अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात त्याची उमेदवारी सुरू झाली. पण शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. कार्यालयातले शिपाई फायली लांबून फेकत. अखेर बाबासाहेब मुंबईला परतले. इंग्रज सरकार त्या काळात तिजोरी सांभाळायला विलायतेहून अर्थतज्ज्ञ आणत होते, आणि या मातीतला अर्थतज्ज्ञ बडोद्याच्या बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहात होता! ही हकीकत ज्या आत्मकथनात आहे त्याचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. व्हिसा लागत होता तो स्वतःच्याच देशात.

आज काय चित्र आहे? मध्यंतरी आमच्या वस्तीतली एक मुलगी सल्ला मागायला माझ्याकडे आली. वडील सफाई कामगार. पोरगी सीएच्या इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण. पुढे आर्टिकलशिप हवी. सहा फर्ममध्ये मुलाखती झाल्या. एका ठिकाणी वडिलांचा धंदा विचारला, दुसरीकडे 'ओळख कुणाची?' म्हणून विचारले. परीक्षेत कमी पडली असे कुणीच म्हणाले नाही. तिने मला विचारले, "सर, याच्यावर केस होते का?" वकील असून मला मान खाली घालावी लागली. खासगी फर्मने कुणाला घ्यावे, यावर संविधानातील नोकरीच्या आरक्षणाचे कलम 16 लागू होत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. सीएची सनद 1949 च्या संसदीय कायद्याने निर्माण झाली आहे. कंपनीच्या हिशेबावर ऑडिटर म्हणून सही करण्याचा अधिकार याच सनदेने मिळतो. हा मक्ता कायद्याने दिला असेल, तर त्या मक्त्याच्या दारात कोण अडवला जातो, हा खासगी मामला कसा? 2023 पासून आर्टिकलशिप तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली, हे चांगलेच झाले. पण या दोन वर्षांत शिरण्याची किल्ली आजही फर्मच्या मालकाच्याच खिशात आहे. दुर्बल घटकांचे शैक्षणिक व आर्थिक हित जपण्याची जबाबदारी संविधानाच्या कलम 46 ने राज्यावर टाकली आहे, ती इथे आठवली पाहिजे.

परदेशाची वाट आपल्या मुलांनी धरू नये, असे मी म्हणत नाही. जरूर धरावी. मात्र ते दार दुसऱ्याच्या मर्जीवर उघडते, हे ध्यानात ठेवावे. 19 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली आणि एका रात्रीत हजारो घरांची गणिते कोलमडली. शिवाय त्या दारापर्यंत पोहोचतो कोण? ज्याला इथे आर्टिकलशिप मिळाली, इंग्रजी मिळाले, परदेशी परीक्षेची फी भरता आली, तोच.

म्हणून तीन गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. एक, आर्टिकलशिप कोणत्या समाजघटकातल्या किती उमेदवारांना मिळते, याची आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. दोन, सरकारी व सार्वजनिक उपक्रमांचे ऑडिट घेणाऱ्या फर्मवर अनुसूचित जाती-जमातींचे उमेदवार घेण्याची अट असावी. सरकारचा पैसा घेता, तर सरकारची जबाबदारीही घ्या. तीन, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अनुसूचित जातींसाठीच्या 75 जागा वाढाव्यात आणि वित्त, विमागणित, लेखापरीक्षण या विषयांकडे मुलांना वळवण्यासाठी मार्गदर्शन सुरू व्हावे.

एक गोष्ट मात्र सरकारकडे मागायची गरज नाही. आपल्या समाजात आज सीए झालेले बांधव आहेत. त्यांनी आपल्या फर्ममध्ये दरवर्षी वस्तीतला किमान एक उमेदवार घ्यावा. गोऱ्या फर्मची दारे बंद होती तेव्हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सीपीएंनी नेमके हेच केले. स्वतःच्या फर्म काढल्या आणि मागून येणाऱ्यांना हाताखाली घेतले.

ती मुलगी शेवटी आपल्याच एका सीए बांधवाकडे लागली. पुढे सीए होऊन ती कुणाच्या ताळेबंदावर सही करील तेव्हा तिचे आडनाव कुणी विचारणार नाही. पण ज्या मुलीला असा बांधव भेटला नाही, तिचे काय? हा हिशेब अजून बाकी आहे. जयभीम!