सपाट रेषेला शॉक नसतो

सपाट रेषा, छातीवर दोन पट्ट्या, एक झटका आणि रेषा पुन्हा नाचू लागते, हे सिनेमाने आपल्या मनात पक्के केले आहे. एसीएलएस, म्हणजे प्रगत हृदय-जीवनरक्षण, या परीक्षेच्या तयारीत ते आधी विसरावे लागते. हृदयाचे काम थांबले की मॉनिटरवर चारांपैकी एक ताल दिसतो. त्यांतल्या दोघांनाच शॉक द्यायचा: व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन आणि नाडी नसलेला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. सपाट रेषेला नाही. चौथा पीईए, ज्यात रेषा रीतसर चालते पण नाडी लागत नाही, त्यालाही नाही. शॉक हृदय सुरू करत नाही. विजेचा गोंधळ क्षणभर थांबवतो, म्हणजे हृदयाला स्वतःचा ताल सापडावा. गोंधळच नसेल तर थांबवायचे काय?

मी वैद्यकाचा माणूस नाही. भोसरीत आमच्या वरच्या मजल्यावरची परिचारिका या परीक्षेला बसणार होती. ‘काका, तुम्ही फक्त घड्याळ धरा,’ म्हणाली, आणि मी तिची पुस्तके वाचू लागलो. औषधे तिला चार दिवसांत पाठ झाली: अ‍ॅड्रिनलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी, अमिओडॅरोन आधी ३०० मिलिग्रॅम, मग १५०. अडत होते घड्याळापाशी. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबायची. दर २ मिनिटांनी ताल पाहायचा, दाबणारा बदलायचा, आणि या सगळ्यात १० सेकंदांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही. मेगाकोड नावाच्या प्रात्यक्षिकात उमेदवार चमूचा म्होरक्या असतो. त्याने औषध सांगायचे, देणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचे, दिल्यावर ‘दिले’ म्हणायचे. प्रमाणपत्र दोनच वर्षे चालते. मला ते योग्य वाटते. हात लवकर विसरतात.

या शास्त्राचे एक मूळ मात्र विजेच्या तारांत आहे. धक्का लागून वायरमन मरत, म्हणून अमेरिकेतील वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोव्हन त्यात पडले; ते डॉक्टर नव्हेत, विद्युत अभियंते. त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांना प्रयोगात दिसले, की डिफिब्रिलेटरच्या जड पट्ट्या छातीवर दाबताच कुत्र्याचा रक्तदाब वाढतो, शॉक देण्याआधीच. १९६० साली शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांचा लेख आला. लागतात फक्त दोन हात, असा त्याचा मथितार्थ.

हे वाचताना मला भोसरी एमआयडीसीतली शेड दिसत होती. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी लागत असे, रुग्णवाहिका-कक्ष मात्र ५०० हून अधिक कामगार असले तरच. लहान वर्कशॉपच्या वाट्याला पेटीच येते, आणि पेटीतल्या कापसाने हृदय चालत नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण ती पोहोचेपर्यंतची मिनिटे शेजारच्या मशीनवरच्या माणसाची असतात. छाती कोणी दाबत नसेल, तर शॉकला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी निघालेली ‘कोल्स’ ही पद्धत याचसाठी आहे: तोंडाने श्वास देणे नाही, केवळ छाती दाबणे. धक्का लागलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडायचा, १०८ लावायला एकाला सांगायचे, आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दाबत राहायचे, रुग्णवाहिकेतली माणसे हात घालेपर्यंत.